अठ्ठावन्न नंबरचा मधला भाग

१४ जानेवारी २०१२, शनिवार

आज ट्राम-मित्रमंडळाच्या बैठकीत माझ्यावर चरित्र लिहिण्याची कामगिरी आली. चरित्रनायिका अठ्ठावन्न नंबरची ट्राम. जन्म १९६३, व्यवसाय लाईन चारवर माणसं वाहणे, तीन वर्षांपूर्वी सेवानिवृत्त. पुण्याच्या दैनिकाला दर पंधरवड्याला जर्मनीची खबरबात पाठवणाऱ्या माणसाला याहून निरुपद्रवी विषय मिळणार नाही. नायिका राजीनामा देत नाही आणि खुलासाही पाठवत नाही.

हार्टेनबेकला येऊन मला सव्वीस वर्षं झाली. संस्कृतच्या संशोधनासाठी आलो होतो. संशोधन संपलं, मी उरलो.

या ट्रामची रचना मला फार आवडते. जुन्या गावाच्या अरुंद रस्त्यांतून लांब गाडी वळेना, तेव्हा ऱ्हाईनकाठच्या कारखान्यातल्या कुणा शहाण्याने गाडीचे दोन तुकडे केले आणि दोघांमध्ये एकच चाकगाडा ठेवला. दोन्ही तुकडे आपलं एकेक टोक त्याच्यावर टेकवून चालतात. वळणावर गाडीच्या फरशीतली गोल तबकडी फिरते, रबरी भाता एका अंगाने मिटतो आणि दुसऱ्या अंगाने उघडतो, आणि गाडीला आपण वळलो हे कळतसुद्धा नाही. एकोणसत्तर साली गर्दी वाढली आणि कंडक्टर कमी करायचं ठरलं. तेव्हा हिला सांध्यात सोडवून मध्ये आणखी एक तुकडा आणि आणखी एक चाकगाडा घातला. दोनाची तीन झाली. तेव्हापासून गावात हिचं नाव ‘लांबडी’.

आता जुना डेपो एप्रिलअखेर रिकामा करायचा आहे. लांबडी दुरुस्त होऊन मंडळाच्या नव्या शेडमध्ये उभी राहणार. प्रश्न एवढाच, की दुरुस्त करायची ती कुठल्या रूपात.

“आहे तशी,” हेर, म्हणजे श्रीयुत, शेपान्स्की म्हणाले. वय चौऱ्याहत्तर. निवृत्त होईपर्यंत ही गाडी त्यांनीच चालवली.

“आहे तशी म्हणजे कुठल्या दिवशी होती तशी?” अध्यक्ष डॉ. लिपेल्ट म्हणाले. हे दंतवैद्य आहेत. आयुष्यभर लोकांच्या तोंडात नकली दात बसवून प्रपंच केला आणि आता म्हणतात, मूळचंच हवं. त्यांच्या मते गाडी कारखान्यातून आली तशी दिसली पाहिजे, म्हणजे दोन तुकड्यांची. मधला भाग काढायचा.

“मग मधल्याचं काय होणार?” शेपान्स्कींनी विचारलं.

“त्याला जागा नाही हो. भंगारात.”

निर्णय मार्चच्या वार्षिक सभेत.

२२ जानेवारी, रविवार

दुपारी चरित्राच्या साधनसामग्रीसाठी शेपान्स्कींकडे. बायको गेल्यापासून त्यांच्याकडे केक बेकरीतून येतो आणि त्याबद्दल ते दर वेळी माफी मागतात. सहा वर्षांची ओळख, तरी आम्ही अजून ‘अहो’वरच आहोत. जर्मन माणूस ‘अरे’वर येण्याआधी तुमचे सगळे ऋतू पाहून घेतो. ‘सहस्रबुद्धे’ हे आडनाव मात्र ते न अडखळता उच्चारतात. ज्यांचे स्वतःचे शब्द मालगाडीएवढे लांब, त्यांना पाच-सहा अक्षरांचं काय भय!

स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक फोटो स्क्रूने पक्का बसवलेला आहे. ट्रामच्या आतला. चाकांच्या खुर्चीत एक मुलगा, तोंड उघडं, काहीतरी ओरडतो आहे असं.

“हा कोण?”

“डेटलेफ. आमचा.” त्यांनी माझ्या बशीत केकचा दुसरा तुकडा ठेवला. “स्नायू झिजण्याचा आजार. दहाव्या वर्षी पाय गेले, एकोणिसाव्या वर्षी बाकीचं.”

मी जे बोलायचं ते बोललो. ते म्हणाले, शाळा दुपारी सुटायची, ट्राउडेल, म्हणजे त्यांची बायको, कारखान्यात दुपारच्या पाळीला जायची, मग पोरगा यांच्याबरोबर गाडीत. पाळी संपेपर्यंत.

“सबंध दुपार?”

“त्याला आवडायचं. आणि अपंगांचा पास होता. कितीही फिरा म्हणून लिहिलेलं होतं त्याच्यावर. लिहिणाऱ्याला वाटलं नसेल कुणी एवढं मनावर घेईल.”

फोटो चरित्राच्या दृष्टीने अमूल्य निघाला. मुलाच्या दोन्ही बाजूंना भाते दिसतात, म्हणजे हा मधला भाग नक्की. मागची खिडकी पुढच्या भागातल्या खिडकीपेक्षा चांगली तीन बोटं अरुंद. पकडायचे दांडेही वेगळ्या घडणीचे. हे आजवर कुणी नोंदवलेलं नाही! मी फोटो काही दिवसांसाठी मागितला. त्यांनी खणातून पेचकस काढला, चारही स्क्रू सोडवले आणि बशीत मोजून ठेवले. भिंतीवर मागे फिकट चौकोन राहिला.

“परत आणाल ना?”

“अर्थात.”

दारापर्यंत सोडायला आले तेव्हा त्यांनी हेच पुन्हा विचारलं. वस्तूंच्या बाबतीत ही माणसं फार काटेकोर.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज डोक्यात लख्ख उजेड पडला. पुण्यात ऐन तारुण्यात मी चार वर्षं एका महाकाव्याची हस्तलिखितं एकमेकांशी ताडून पाहिली. मूळ संहिता कुठली आणि नंतर कुणी घुसडलेलं कुठलं, हे ओळखणं हा माझा पोटापाण्याचा धंदा होता. लांबडी हे तसंच हस्तलिखित आहे. १९६३ची मूळ संहिता आणि १९६९चा प्रक्षिप्त भाग. खिडक्यांचं माप वेगळं, दांड्यांची घडण वेगळी. लिहिणाऱ्याचा हात बदलला की अक्षर बदलतंच!

म्हणजे लिपेल्टांचं बरोबर आहे. त्यांना कारण ठाऊक नाही एवढंच. ते मी पुरवीन.

थोडी शंका आली ती अशी. लोक जो पाठ पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले, तो नंतरचा असला म्हणून काढावा का? पण या शंकेला आमच्या गुरुजींनी कधी थारा दिला नव्हता. मी का द्यावा?

११ फेब्रुवारी, शनिवार

डेपोत साफसफाई. अनेग्रेट सकाळीच ब्रेमेनला गेली. तिच्या बहिणीचा पाय मोडला आहे, महिनाभर तरी येत नाही. जाताना म्हणाली, “ट्राममध्ये राहायला जाऊ नकोस. आणि मधूनमधून माणसांशी बोल.” लग्नाला बावीस वर्षं झाली की बायका असं संदिग्ध बोलू लागतात.

शेपान्स्कींनी सकाळभर मधला भागच धुतला. मला वाटतं, गुडघ्यांमुळे पुढच्या भागाच्या पायऱ्या चढणं त्यांना जड जातं. मधल्यालाही तितक्याच पायऱ्या आहेत, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. असो.

दुपारी कच्च्या खिम्याचे पाव आणि वर कांदा. माझ्यासाठी चीजचा एक वेगळा. मी अजून शिजवलेलंच खातो याचं मंडळाला अजून नवल वाटतं.

“भाता चांगल्या स्थितीत आहे,” लिपेल्ट आत डोकावून म्हणाले. “मूळचा नाही वाटत.”

“एक्याऐंशी साली बदलला,” शेपान्स्की म्हणाले. “मी मागे लागून बदलायला लावला. फटीतून वारा यायचा.”

“कुणाला?”

“मध्ये बसणाऱ्याला.”

मी लगेच टिपून घेतलं: भाता, १९८१. चरित्रात या दशकाबद्दल जवळपास काहीच नव्हतं.

२० फेब्रुवारी, सोमवार

कार्निव्हल. शेजारचे गंभीर नोटरी कोंबड्याच्या सोंगात पाहिले. भाषण लिहून झालं. चांगलं वठलं आहे. अनेग्रेटला फोनवर वाचून दाखवणार होतो, पण ती म्हणाली बहिणीला आंघोळ घालायची आहे.

१० मार्च, शनिवार

वार्षिक सभा. डेपोच्या जुन्या कॅन्टीनमध्ये चौदा माणसं. माझा विजय झाला, पण जेवण गेलं नाही. का ते कळत नाही. कदाचित बटाट्याच्या सॅलडमुळे.

क्रमाने लिहितो. लिपेल्टांनी ठराव वाचला: गाडी कारखान्यातून आली त्या रूपात आणावी, मधला भाग काढावा. चर्चा सुरू होण्याआधीच शेपान्स्की उठले. खुर्ची आत सरकवली.

“या विषयात मी निःपक्ष नाही. मी बाहेर थांबतो.”

हा इथला नियमच आहे. ज्याचा जीव गुंतला आहे त्याने मत द्यायचं नाही, खोलीतसुद्धा थांबायचं नाही. पण सहसा हा नियम कुणाच्या मेव्हण्याला कंत्राट द्यायचं असतं तेव्हा आठवतो. ट्राम चालवल्याबद्दल कुणी स्वतःला पक्षपाती ठरवल्याचं मी प्रथमच पाहिलं. मीमांसकांना अभिमान वाटावा अशी शिस्त! जुन्या वर्कशॉपमधला बोटे नावाचा गृहस्थ म्हणाला, “एवाल्ड, बस की रे खाली.” ते बसले नाहीत. दार हळूच लावून घेतलं.

मग मी बोललो. मूळ संहिता, प्रक्षेप, लिहिणाऱ्याचा बदललेला हात. लिपेल्ट मान डोलवत होते. शेवटी पुरावा म्हणून मी डेटलेफचा फोटो वर धरला आणि पेन्सिलीने खिडकीची रुंदी दाखवली. “मुलाकडे नको, त्याच्या मागे बघा,” असंही म्हणालो, कारण लोकांची नजर उगाच चेहऱ्याकडे जाते.

खोलीत अशी शांतता पसरली की काय सांगू. मंडळात माझं बोलणं इतकं लक्ष देऊन कुणी कधी ऐकलं नव्हतं. बोटेने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसला. जुन्यांपैकी दोघंतिघं टेबलाकडे बघत होते. मी शेवटचं वाक्य म्हटलं: “नंतर आलेलं कितीही लाडकं झालं, तरी ते मूळचं होत नाही.”

“हे बरोबर नाही,” बोटे म्हणाला.

“नियमात कुठे चुकतंय का?” लिपेल्टांनी विचारलं.

“नियमात नाही हो,” तो म्हणाला.

हात वर. बाजूने सात, विरुद्ध सहा. बरोबरी झाली असती तर ठराव पडला असता. शेपान्स्कींना आत बोलावलं. त्यांनी लिपेल्टांकडे पाहिलं, निकाल ऐकला, म्हणाले, “सांधे सोडवायच्या आधी सांगा. त्याची एक पद्धत आहे. नाहीतर तबकडी वाकते.”

११ मार्च, रविवार

फोटो परत केला. शब्द पाळला याचं त्यांना बरं वाटलेलं दिसलं. लगेच पेचकस घेऊन भिंतीपाशी गेले.

“बोललात छान,” माझ्याकडे पाठ करून म्हणाले. “दार पातळ आहे तिथलं. फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं नाही. कॉफीचं मशीन सुरू झालं.”

मला संकोच वाटला, पण कुठल्या वक्त्याला अशी विनंती नाकारता येते? मी ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. जरा सावकाश.

ते चौथा स्क्रू पिळत होते. तो बराच वेळ पिळत राहिले.

“हं,” म्हणाले. “वाक्य चांगलं आहे.”

आज केक नव्हता.

१७ मार्च, शनिवार

अनेग्रेट परत आली. कोट अंगात असतानाच मी तिला सभेची हकीकत सांगितली. ती ऐकता ऐकता थांबली.

“मधला भाग काढणार? एवाल्ड काय म्हणाला?”

“तो बाहेर गेला. निःपक्ष नाही म्हणाला. शिस्तीचा माणूस.”

“त्र्यंबक, तुला खरंच कळलं नाही?”

“काय?”

ती बॅगेवरच बसली. मग तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवतो. माझ्या शब्दांवरचा माझा विश्वास आज उडाला आहे.

“मी शाळेत होते तेव्हा रोज चार नंबरने यायचे. कंडक्टर काढून टाकलेले. लाउडस्पीकर नव्हते. तर एवाल्डचा डेटलेफ मधल्या भागातून थांब्यांची नावं ओरडायचा. ‘खाण क्रमांक तीन! इथे उतरणाऱ्यांनी आंघोळ करूनच परत चढावं!’ सगळी गाडी हसायची. खाणवाले सर्वांत जास्त. त्याची खुर्ची फक्त मधल्या भागात मावायची, बाबागाड्यांच्या जागेत. रुंद दार फक्त त्यालाच होतं. स्टेशनवर एवाल्ड गाडी थांबवून खाली उतरायचा, मागे यायचा. कुणीतरी पुढची चाकं धरायचं, हा मागची, आणि त्याला वर घ्यायचे. आणि या गावात, त्र्यंबक, गाडी अर्धा मिनिट जरी थांबली तरी लोक घड्याळ बघतात. तिथे कुणी बघायचं नाही.”

मी समोरच्या खुर्चीत बसलो.

“शेवटी शेवटी आवाज खोल गेला त्याचा,” ती म्हणाली. “मग पुढे बसलेले लोक थांब्याचं नाव मागे विचारायचे. उगाच. त्याला बोलता यावं म्हणून. पुढच्यांना नावं पाठ होती रे सगळी.”

मी म्हणालो, “तो फोटो मी सभेत वर धरला.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग उठून कोट काढायला लागली. कोट काढायला तिला फार वेळ लागला.

२० मार्च, मंगळवार

लिपेल्टांच्या दवाखान्यात. रुग्ण असल्याशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून दाढ दुखते असं सांगितलं. खुर्चीत आडवं पडून सगळं बोललो. त्या स्थितीत माणूस खोटं बोलू शकत नाही.

ते उत्तरेकडचे, गावात नव्वदनंतर आलेले. त्यांना मुलाचं काही ठाऊक नव्हतं. मास्क काढून खाली बसले.

“मला कुणीच सांगितलं नाही!”

“त्यांनीही नाही.”

“त्यांचं एक मत असतं, तरी बरोबरी झाली असती.”

“माझं नसतं, तरी ठराव पडला असता,” मी म्हणालो.

भला माणूस आहे. मी उगाच थट्टा करत आलो. म्हणाले, “शेपान्स्कींनी एक शब्द बोलावा, मी सभा पुन्हा बोलावतो. शेडमधली दुसरी एखादी गाडी बाहेर ताडपत्रीखाली ठेवू, पण लांबडी अख्खी ठेवू. पण ते बोलले पाहिजेत. त्यांनी न सांगता त्यांच्या नावाने आपण दया कशी मागायची?”

जाताना माझी दाढ तपासली. खरोखरच किडली आहे.

२५ मार्च, रविवार

मी सगळं एका दमात बोललो. मी आंधळा होतो, लिपेल्ट तयार आहेत, बोटे तयार आहे, तुमचा एक शब्द हवा. शेपान्स्की स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून ऐकत होते. फोटो त्यांच्या डोक्यावर होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. मग पाहिलं. मुलाचे दात पुढे आलेले आहेत. कान बापाचे.

“नाही,” ते म्हणाले.

“पण तुम्हाला तो भाग हवा आहे!”

“हवाच आहे. मला काय हवंय ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर बाहेर गेलो.”

“हा नियम असल्या गोष्टीसाठी नाही हो.”

“मग कसल्या गोष्टीसाठी? ज्याचं काही जात नाही तो बाहेर गेला काय नि आत बसला काय!”

मी लिपेल्टांचा ताडपत्रीचा बेत पुन्हा सांगितला. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“ऐका. त्याला नऊ वर्षं दुसऱ्यांनी उचलून चढवलं, उचलून उतरवलं. रोज. लोक चांगले होते, मी नाही म्हणत नाही. पण रात्री घरी आला की म्हणायचा, बाबा, आज किती जणांनी उचललं? मी सांगायचो, मोजले नाहीत. तो मोजायचा. आता त्याच्यासाठी पुन्हा खोलीभर माणसांना हात वर करायला लावायचे? दया म्हणून? नको. पुरे झालं.”

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी उठून कपाटातून बाटली काढली, दोन छोटे ग्लास भरले.

“तुझं पहिलं नाव काय?”

मी चमकून पाहिलं. आज, या घटकेला, हा माणूस मला ‘अरे’ म्हणत होता.

“त्र्यंबक.”

“ट्रिम... काय?”

“त्र्यंबक.”

“हे ब्रेकच्या एखाद्या भागाचं नाव वाटतं,” ते म्हणाले. म्हणजे तो म्हणाला. “मी एवाल्ड. घे.”

पुढच्या दोन ग्लासांपर्यंत त्याने माझं नाव घोकलं. आलं नाही. मी म्हणालो, बोटेला सांगून दांड्याचा एक तुकडा तरी तुझ्यासाठी काढून ठेवतो. त्याने मान हलवली.

“दांडा कशाला? त्याला धरता कुठे येत होतं?”

८ एप्रिल, ईस्टर

अनेग्रेटने एवाल्डकडे कोकराच्या आकाराचा केक पाठवला. मी चरित्राचा मसुदा काढून बसलो. १९७६ ते १९८५ या वर्षांपुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: ‘या काळात भाता वगळता उल्लेखनीय बदल नाहीत.’

खोडलं. त्या जागी काय लिहावं ते सुचलं नाही. जागा कोरी आहे.

२२ एप्रिल, रविवार

आज लांबडी अखेरची अख्खी धावली. जुन्या डेपोपासून खाणीपलीकडच्या वर्कशॉपपर्यंत, तिच्याच चार नंबरच्या रुळांवरून. उद्या तिथे सांधे सोडवणार. एवाल्डने दरवर्षी परीक्षा देऊन परवाना टिकवला होता, म्हणून चालवायचा मान त्याचा. लिपेल्ट, बोटे आणि बाकीचे मोटारींनी पुढे गेले. गाडीत आम्ही दोघंच.

मी त्याच्या पाठीमागे उभा राहिलो. काहीतरी बोलावं म्हणून रचनेबद्दल बोलत होतो. स्टेशनपाशी त्याने गाडी थांबवली. चढायला कुणी नव्हतं. दारं उघडली, जरा थांबला, लावली.

“मागे जाऊन बस,” तो म्हणाला.

“माझी अडचण होते का?”

“तसं नाही.” त्याने डोक्यावरच्या आरशाकडे बोट केलं. “सरळ रुळावर यात शेवटपर्यंत दिसतं. मध्ये कुणी नसलं की माझी नजर सारखी तिकडेच जाते. सिग्नल राहील एखादा. जा. मध्ये बस.”

मी गेलो. पुढच्या तबकडीवरून, भात्यातून, मधल्या भागात. बाबागाड्यांच्या जागेशेजारी एक आसन आहे, त्यावर बसलो. तिथून पाहिलं तर आरसा तळहाताएवढा दिसतो, आणि त्यात एवाल्डचे डोळे.

बानहोफश्ट्रासे, म्हणजे इथला स्टेशन रोड, सरळ आहे. तो समोर बघे, मग वर बघे, मग समोर. चर्चपाशी वळण आलं. पुढचा भाग डावीकडे गेला, भाता एका अंगाने मिटत आला, आरसा भिंतीआड गेला. त्या वळणावर मी एकटा होतो. इतकी वर्षं या सांध्याचं कौतुक करत आलो, पण वळणावर पुढचा माणूस मागच्याला दिसत नाही आणि मागचा पुढच्याला, हे मला कधी सुचलं नव्हतं. रोज किती वेळा पोरगा असा हरवत असेल, आणि किती वेळा परत सापडत असेल?

गाडी सरळ झाली. डोळे परत आले. पण ते माझ्यावर नव्हते. माझ्या बाजूला, हातभर खाली, मोकळ्या जागेत काहीतरी शोधत होते. खुर्चीत बसलेल्या मुलाचं डोकं जिथे येईल तिथे. मग ते समोर गेले, पुन्हा वर आले, पुन्हा त्याच जागी. गाडीने एक लहानसा हिसका दिला. एवाल्डच्या हातून मी कधी हिसका अनुभवला नव्हता.

मी आसनावरून उतरलो आणि त्या मोकळ्या जागेत, फरशीवर, पाय पसरून बसलो. पाठ ताठ केली, मान थोडी वर. चोपन्नाव्या वर्षी हे काही शोभून दिसत नाही. रस्त्यावरची एक बाई खिडकीतून बघत राहिली.

पुढचं वळण आलं. भाता मिटला, आरसा गेला, परत आला. एवाल्डचे डोळे वर झाले आणि थेट माझ्या चेहऱ्यावर थांबले. बराच वेळ. मग समोर गेले.

त्यानंतर गाडी लोण्यासारखी चालली. खाण क्रमांक तीन मागे पडली, वस्ती संपली, वर्कशॉपचं फाटक दिसू लागलं, फाटकाशी उभे लिपेल्टही दिसले. मी उठलो नाही.